सीपीयूवरचं हळदकुंकू

पॉवरच्या बटणाभोवती हळदकुंकवाचा थर बसला होता. पिवळ्यावर तांबडा, तांबड्यावर पिवळा. या घरात दसऱ्याला पाटी-पुस्तकं, शिलाई मशीन आणि अडकित्त्याबरोबर संगणकाचीही पूजा होते, आणि २०११च्या दिवाळीत आलेल्या या डब्याने असे चौदा दसरे पाहिले होते. मामाने बाजूचे दोन स्क्रू काढून पत्रा सरकवला, तेव्हा आत पंख्याखाली, धुळीच्या लोकरीत गुरफटलेलं आपट्याचं एक पान सापडलं. जाळीतून कधीतरी आत गेलं असावं. सुकून चुरा व्हायच्या बेतात होतं, पण त्याची दोन्ही दलं अजून जोडलेली होती.

"सोनं निघालं की रे," आजी म्हणाली आणि पान तळहातावर घेऊन देवघराकडे गेली.

पुण्यातल्या या घराची अडचण साधी होती. नववीतल्या मुलीला 'राजी' खेळायचा होता. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सने घडवलेला, २०२० साली आलेला खेळ. राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाच्या, गोलूच्या शोधात निघालेली मुलगी आणि तिच्या पाठीशी दुर्गा आणि विष्णू. आपल्या गावात तयार झालेला खेळ आपल्याच संगणकावर चालू नये, याचं तिला वाईट वाटत होतं आणि ते रास्त होतं. आई म्हणाली, "नवाच घेऊ या, हप्त्याने." मामा म्हणाला, "ताई, आधी आत नेमकं कोण दमलंय ते बघू. दहा हजारांत भागलं तर भागलं."

मामाचा हा प्रश्न मोलाचा होता. घरातले सगळे त्या डब्याला 'सीपीयू' म्हणतात. मराठी घरांतला हा जुना शिरस्ता आहे, आणि त्यामुळे 'सीपीयू जुना झाला' म्हटलं की सगळं एकदमच म्हातारं झाल्यासारखं वाटतं. आत तर वेगवेगळ्या वयाची माणसं नांदावीत तसा संसार होता. प्रोसेसर इंटेलचा आय-थ्री २१००, दोन कोअरचा. तो बराचसा वेळ काम येण्याची वाटच बघत होता. बोर्ड एच-६१ चा, रॅमला दोनच खाचा, त्यातली एक चौदा वर्षं रिकामी. आणि ५०० जीबीची हार्डडिस्क. दमली होती ती.

हार्डडिस्कची तबकडी मिनिटाला ७,२०० वेळा फिरते, म्हणजे सेकंदाला १२० वेळा. हे ऐकायला भरभर वाटतं. पण हवा असलेला मजकूर नेमका वाचणाऱ्या टोकाखाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी थांबावं लागतं, म्हणजे चार मिलिसेकंद. शिवाय ते टोक योग्य वर्तुळावर सरकायला आणखी आठ-नऊ. विखुरलेल्या लहान फायली वाचायच्या असतील, तर सगळा जोर लावूनही सेकंदाला ऐंशीच्या आसपास वाचून होतात, आणि संगणक सुरू होताना अशा हजारो फायली लागतात. 'कुर्र कुर्र' असा जो आवाज येत राहतो, तो या येरझाऱ्यांचा. हार्डडिस्कच्या जागी बसवता येते त्या एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नसतं. तिला लागतो तो मिलिसेकंदाचा जेमतेम दहावा भाग. एच-६१ बोर्डाची साटा जोडणी सेकंदाला तीन गिगाबिटची, त्यामुळे आजच्या साटा एसएसडीचा सरळ वाचनाचा अर्धा वेग वाया जातो हे खरं. पण जुन्या यंत्राला हवी असते ती येरझाऱ्यांतून सुटका, आणि ती पूर्ण मिळते. थोडेच पैसे असतील तर पहिला मान एसएसडीचा. त्यात तडजोड नको.

दुसरा मान रॅमचा. रिकाम्या खाचेत आधीच्यासारखीच पट्टी बसवली की नुसती मेमरी वाढत नाही, रस्ताही दुपदरी होतो. डीडीआर-थ्री १३३३ च्या एका पट्टीतून सेकंदाला दहा-साडेदहा गिगाबाइट मजकूर जातो, दोन पट्ट्यांतून एकवीस. मामाने जुनी पट्टी काढली, तिच्या सोनेरी दातांवरून शाळेतलं खोडरबर हलक्या हाताने फिरवलं आणि फुंकर मारून परत बसवली. गल्लीबोळातले दुरुस्तीवाले हे करतात: दातांवरचा मळ निघतो, जोडणी पक्की होते.

मेमरी अपुरी पडल्याची गोष्ट निघाली की 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा खेळ आठवतोच. शाळेच्या कॉम्प्युटर लॅबबाहेर चपलांची रांग, आत एसीचा गारवा, एका यंत्रापुढे तिघं-तिघं, आणि सरांची पाठ वळली रे वळली की पडद्यावर तो पांढऱ्या कपड्यांतला राजपुत्र. मामा त्याच पिढीतला. अणकुचीदार सुळ्यांवरून पाय न वाजवता कसं चालायचं, हे त्याच्या बोटांना अजून पाठ आहे.

या खेळाचा कर्ता जॉर्डन मेकनर. या अमेरिकन तरुणाने १९८५ साली आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून एका पार्किंगच्या मोकळ्या जागेत पळायला आणि उड्या मारायला लावलं आणि ते व्हिडिओवर टिपलं. मग ती टेप टीव्हीवर लावून, एकेका चित्रावर थांबवून त्याने पडद्याचे फोटो काढले, धुऊन आणले, काळ्या मार्करने आणि व्हाइटनरने आकृतीची कड कोरली आणि मग ती चित्रं यंत्रात उतरवली. म्हणून तो राजपुत्र कठड्याला लोंबकळून वर चढतो तेव्हा त्याच्या अंगाचं वजन जाणवतं. त्या काळच्या खेळांत माणसं ठोकळ्यासारखी सरकायची. हा धापा टाकतो असं वाटायचं.

पण या देखणेपणाची किंमत होती. ॲपल टू यंत्राच्या तोकड्या मेमरीत राजपुत्राच्या हालचालींनीच इतकी जागा खाल्ली की समोर शत्रू उभा करायचा तर त्याची चित्रं ठेवायला कोपरा उरेना. मेकनरने नवी चित्रं काढलीच नाहीत. राजपुत्राचंच चित्र एका बिटाने सरकवून त्याच चित्राशी 'एक्सॉर' केलं. एक्सॉरचा नियम असा की दोन बिट सारखे असले तर शून्य, वेगळे असले तर एक. त्यामुळे आकृतीचं पोट पुसलं गेलं आणि कड तेवढी लुकलुकत राहिली. पडद्यावर एक छायापुरुष उभा राहिला आणि त्याने मेमरी जवळजवळ मागितलीच नाही. चौथ्या टप्प्यात वाटेत आरसा येतो. राजपुत्र धावत त्यातून आरपार उडी मारतो, आणि त्याच क्षणी त्याची छाया उलट्या बाजूने बाहेर पडून पळून जाते. पुढे ती त्याच्या वाट्याचं औषध पिऊन टाकते, त्याच्या तोंडावर दार लावून घेते. शेवटाकडे दोघं तलवारी उपसून समोरासमोर येतात आणि छायेला केलेला प्रत्येक वार राजपुत्राचंच आयुष्य कमी करतो. मार्ग एकच: तलवार म्यान करायची आणि तिच्या दिशेने चालत जायचं. दोघं एकमेकांत मिसळतात. १९८९ मध्ये खेळ बाजारात आला. इतका हलवून सोडणारा प्रतिस्पर्धी नंतरच्या मोठमोठ्या यंत्रांवरच्या खेळांतही क्वचित भेटतो, आणि हा जन्मला तो जागा नव्हती म्हणून.

असो. तिसरा मान ग्राफिक्स कार्डाचा, आणि खिसा कापला जातो तो इथेच. जीटी १०३० नावाचं कार्ड २०१७ साली आलं. पुढच्या वर्षी त्याच नावाने दुसरं आलं, मेमरी बदललेलं. पहिल्यात जीडीडीआर-फाइव्ह, वेग सेकंदाला ४८ गिगाबाइट. दुसऱ्यात डीडीआर-फोर, वेग १६.८. खोक्यावरचं नाव तेच. आकडा न वाचता घेणारा फसतो. एकच नाव दोन मालांना देणं ही ग्राहकाशी केलेली अप्रामाणिक वागणूक आहे, ते स्पष्ट म्हटलं पाहिजे.

मामा भाचीला घेऊन बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या भागात गेला. वायरींची भेंडोळी, दिव्यांच्या माळा, रेझिस्टरच्या बरण्या, आणि मधूनच सोल्डरिंगचा तो वास. एका दुरुस्तीच्या दुकानात वापरलेलं जीटीएक्स ७५० टीआय मिळालं. फेब्रुवारी २०१४ चं कार्ड, ६४० कोअर, मेमरीचा वेग सेकंदाला ८६ गिगाबाइट, वीज अवघी ६० वॅट. बोर्डाच्या खाचेतून ७५ वॅटपर्यंत मिळतात, म्हणून या कार्डाच्या बऱ्याच मॉडेलांना वेगळी वायर लागत नाही. स्टिकरवर काहीही छापलेला स्वस्त एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, असलेल्या घरात हा गुण सोन्यासारखा. "काका, पंधरा मिनिटं चालवून दाखवता का?" मुलीने विचारलं. काकांनी दाखवलं. पडद्यावर ठिपके नाहीत, रेघा नाहीत, पंख्याची घरघर नाही. रंगीत दिव्यांचे पंखे समोरच टांगलेले होते. ते घेतले नाहीत, त्या पैशांत थर्मल पेस्ट आणि बोर्डावरची तीन व्होल्टची बटणसेलची बॅटरी आली. घड्याळ दर वेळी मागे जाणं थांबलं.

विंडोजचा प्रश्न उरला. खेळ विकत घ्यायच्या आणि चालवायच्या 'स्टीम'ने विंडोज ७ चा आधार १ जानेवारी २०२४ पासून काढून घेतला, विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ च्या यादीत हा प्रोसेसर नाही. म्हणून लिनक्स मिंट टाकलं. स्टीमच्याच व्हॉल्व्ह कंपनीने २०१८ मध्ये आणलेल्या प्रोटॉनमुळे विंडोजसाठी लिहिलेले बरेच खेळ त्यावर चालतात. 'स्टारड्यू व्हॅली'ला २ जीबी रॅम पुरते. एरिक बरोन या एकट्या माणसाने चार वर्षांहून अधिक खपून केलेला तो शेतीचा खेळ आजीलाही आवडला. नांगरणी कधी, पेरणी कधी, यावर तिची मतं ठाम होती. 'राजी' चालला, तपशील सगळ्यांत खालच्या पायरीवर ठेवून.

जुनी हार्डडिस्क टेबलावर पडून होती. मामाने ती वायरीने जोडून उघडली, तर आत आजोबांचा आवाज निघाला. २०१२ च्या एका दुपारी वेबकॅम तपासताना ते म्हणत होते, "दिसतोय का मी? दिसतोय का?"

'प्रिन्स ऑफ पर्शिया'चा मूळ प्रोग्रॅमही असाच हरवला होता. २०१२ साली मेकनरच्या वडिलांना कपाटात एक खोकं मिळालं, त्यात फ्लॉप्या. जाणकारांनी मोठ्या कष्टाने त्या वाचल्या आणि तो प्रोग्रॅम त्याच वर्षी सर्वांसाठी खुला झाला. फिरत्या तबकड्या आणि चुंबकी फिती कायम टिकत नाहीत. तेव्हा घरातला जुना संगणक उघडाल, विकाल किंवा भंगारात द्याल, त्याआधी त्यातली हार्डडिस्क काढून घ्या आणि तिच्यात काय आहे ते घरातल्या सगळ्यांनी मिळून एकदा पाहा. जे ठेवायचं ते दोन वेगळ्या ठिकाणी उतरवून ठेवा. हे काम येत्या रविवारीच करा.