७२२ची रुखसत

धडधाकट गाडी थांबवायची केव्हा, आणि ते ठरवायचं कोणी? मर्सिडीज-बेंझने आपल्या एका लाडक्या शर्यतीच्या गाडीला कायमची रजा दिली, तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मनात घर करून आहे. मिस्त्रीच्या घरात वाढलेल्या माणसाला तो जरा जास्तच टोचतो.

गाडीचं नाव ३०० एसएलआर, पण जग तिला ७२२ या आकड्याने ओळखतं. १ मे १९५५ रोजी इटलीतल्या मिल्ले मिलिया शर्यतीत ती ब्रेशियाहून सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी सुटली, म्हणून अंगावर ७२२. ब्रेशिया ते रोम आणि परत, सुमारे १,६०० किलोमीटर, तेही गावागावांतून जाणाऱ्या रोजच्या रस्त्यांवरून. चालवायला पंचवीस वर्षांचा इंग्रज, स्टर्लिंग मॉस. शेजारी दाढीवाला पत्रकार डेनिस जेन्किन्सन. त्याने वळणावळणाची टिपणं एका लांबलचक कागदी पट्टीवर लिहून डबीत गुंडाळून ठेवली होती. इंजिनाच्या आवाजात बोलणं ऐकू येणं शक्य नव्हतं, म्हणून तो हाताने खुणा करायचा. त्या खुणांवर भरवसा ठेवून मॉस पलीकडचं काही दिसत नसलेल्या चढांवरही वेग कमी करत नव्हता. १० तास, ७ मिनिटं, ४८ सेकंदांत ते परत पोहोचले. ताशी सरासरी १५७ किलोमीटर. हा विक्रम कोणी मोडू शकलं नाही. १९५७मध्ये भीषण अपघातात प्रेक्षकही मेले आणि ती शर्यत त्या रूपात बंदच झाली.

या गाडीच्या घराण्यावर एक काळी सावलीही आहे. मॉसच्या विजयानंतर सहा आठवड्यांच्या आत, ११ जून १९५५ला, फ्रान्समधल्या ल मान्सच्या शर्यतीत तिचीच एक बहीण गर्दीत घुसली. ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्या वर्षाअखेर मर्सिडीजने शर्यतींतून माघार घेतली. म्हणून ७२२चं कौतुक करतानाही मला हात थोडा आखडता घ्यावासा वाटतो.

मॉस स्वतः कसा थांबला, ते मला फार आवडतं. २०११ साली, वयाच्या ८१व्या वर्षी, ल मान्समध्येच जुन्या गाड्यांच्या शर्यतीच्या पात्रता फेरीत त्याला स्वतःच्याच चालवण्याची भीती वाटली. त्याने लगेच निवृत्ती जाहीर केली. २०२०च्या एप्रिलमध्ये तो वारला. त्यानंतर कंपनीने ७२२ला लंडनच्या रस्त्यांवरून त्याच्या मेफेअरमधल्या घरापर्यंत नेलं आणि मग ती कायमची संग्रहालयाची झाली.

शौकीन मंडळी म्हणतात, गाडी चालण्यासाठी असते, काचेआड ठेवलीत तर मेलीच. त्यांचं अगदी चूक नाही. उभ्या गाडीचे रबरी सील सुकतात, टाकीतलं पेट्रोल चिकट होतं, बॅटरी बसते. पण ७२२चं अंग मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं, आतलं आठ सिलिंडरचं इंजिन घड्याळासारखं नाजूक. दर फेरीला काहीतरी झिजतं. झिजलेलं बदलत गेलं, की एक दिवस मॉसने हात लावलेलं काहीच उरत नाही.

आता घरातलं. आमचे अब्बा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून कुठला व्हॉल्व्ह वाजतोय ते अजूनही सांगतात. पण डोळे अधू झालेत, आणि फजरच्या नमाजाला अंधारात त्यांची जुनी चेतक स्कूटर बाहेर पडते. अम्मी परत येईपर्यंत दारात उभी असते. भावाने दोनदा चावी मागायचं ठरवलं आणि दोनदा नुसता चहा पिऊन उठला. ज्यांनी आपल्याला क्लच सोडायला शिकवलं, त्यांना आता चालवू नका हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

मी त्यांना मॉसची गोष्ट सांगितली. अब्बांनी पूर्ण ऐकून घेतली. मग विचारलं, “त्याला कुणी थांबवलं नाही ना? तो स्वतः थांबला?” मी हो म्हटलं. “मग मर्द माणूस होता,” एवढंच म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे स्कूटर पुन्हा सुरू झाली.

तरी त्या प्रश्नाने मला वाट दाखवली. ७२२ थांबली तेव्हा तिच्यासाठी जागा तयार होती. तिथे लोक येतात, तिच्याजवळ थांबतात, तिची हकिकत एकमेकांना सांगतात. आपण मात्र म्हाताऱ्या माणसाकडून आधी चावी घेतो, आणि बसायला कोपरा देतो.

म्हणून आम्ही उलट्या क्रमाने जायचं ठरवलं आहे. भावाने गॅरेजमध्ये दाराशीच अब्बांची खुर्ची मांडली आहे. दोन शिकाऊ पोरांना ताकीद आहे की इंजिन खोलण्याआधी उस्तादांना आवाज ऐकवायचा. पहाटे मशिदीत जाताना शेजारचा मुलगा मोटरसायकल घेऊन दाराशी थांबतो. अब्बा अजून त्याच्या मागे बसलेले नाहीत. पण परवा त्यांनी त्याला विचारलं, “ब्रेक ठीक आहेत का रे तुझे?”