शिडाच्या बोटीने सेरिफोसभोवती

चळवळीतल्या माणसांना ग्रीसमध्ये बोटीवर लोळायला वेळ कसा मिळतो, असा प्रश्न आमचे फोटो पाहून एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने विचारला. पैसे कुठून आले असे विचारले असते तर उत्तर सोपे होते : आम्ही सहा जणांनी तीन वर्षे भिशी लावली, आणि जर्मनीत शिकणाऱ्या मैत्रिणीने सप्टेंबरअखेरची, गर्दी ओसरल्यावरची बोट शोधली. पण प्रश्न वेळेचा होता. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अथेन्सच्या आग्नेयेला असलेल्या लावरियो बंदरातून आम्ही निघालो. प्राचीन काळी याच परिसरातल्या चांदीच्या खाणींत गुलाम राबत, आणि त्या चांदीवर अथेन्सचे आरमार उभे राहिले. अ‍ॅरिस्टॉटलच्या लेखी गुलाम म्हणजे जीव असलेले अवजार. 'स्कूल' हा शब्द ज्या ग्रीक 'स्खोले'वरून आला त्याचा अर्थ फुरसत. फुरसत असेल त्याने विचार करावा, नसेल त्याने खणावे! ही विभागणी आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

पहिली रात्र किथनोसला काढली, दुसऱ्या दिवशी सेरिफोस गाठले. बेट छोटे, सुमारे 75 चौरस किलोमीटरचे, उघडेबोडके. पर्सियसने मेदुसाचे मुंडके दाखवून इथल्या राजाला दगड केले अशी कथा आहे. डोंगर पाहून ती खरी वाटते. उत्तरेचा मेल्तेमी वारा सप्टेंबर सरताना मवाळ होतो, तरी कप्तानने आधी दक्षिणेचा, आडोशाचा किनारा धरला. इंजिन बंद झाले, शीड फुगले, आणि बोट एका अंगावर कलली तसा सगळा संवादच थांबला. कुणी वाचत होते, कुणी झोपले. आमच्यातल्या एकीची आई महापालिकेत सफाई कामगार होती. ती म्हणाली, "आईला मी दिवसा झोपलेली फक्त आजारपणात पाहिली." त्यावर कुणी काही बोलले नाही.

कुटालासला पोहून, जेवून पुढे मेगालो लिवादीच्या खाडीत नांगर टाकला. इथे लोखंडाच्या खाणी होत्या. खनिज जहाजात ओतण्याचा गंजलेला सांगाडा अजून समुद्रावर झुकून उभा आहे, आणि कंपनीच्या कचेरीची पडकी इमारत किनाऱ्याला आहे. 1916 च्या ऑगस्टमध्ये इथल्या कामगारांनी संप केला. मालकी जर्मन वंशाच्या ग्रोमान कुटुंबाकडे, नेता याच बेटाचा कॉन्स्टंटिनोस स्पेरास. मागण्या आठ तासांचा दिवस आणि सुरक्षितता. कामगार जहाज भरू देईनात. पोलिसांनी गोळ्या झाडल्या, चार कामगार मेले. मग बायका-पोरांसह गाव दगड घेऊन पोलिसांवर धावून गेले. त्या चौघांचे स्मारक किनाऱ्यावर आहे. शेजारीच झाडांच्या सावलीत खानावळी. आम्हीही तिथेच मासे खाल्ले.

म्हणजे ज्या फुरसतीबद्दल आमची उलटतपासणी होते, ती मागताना इथे माणसे मेली. आपल्याकडेही गिरणी कामगारांना 1890 मध्ये रविवारची सुट्टी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे. मालकाला कधी कुणी वेळेचा हिशेब मागत नाही. श्रमिकाच्या लेकराने चार दिवस पाय पसरले की मात्र त्याची निष्ठा मोजायला घेतात, आणि मोजणारे बहुतेक आपलेच असतात. सतत थकलेला तोच सच्चा कार्यकर्ता, ही कल्पना कुठल्या व्यवस्थेच्या सोयीची आहे, हे समाजशास्त्राची पदवी नसतानाही कळते.

यात एक अडचण उरतेच. आमची फुरसत कुणाच्या श्रमावर चालली होती? स्वयंपाक, भांडी, संडासाची सफाई यांच्या पाळ्या आम्ही पहिल्याच दिवशी लावल्या होत्या, पुरुषांना वगळून नव्हे. पण कप्तान बाई रात्री दर तासाला उठून नांगर सरकला नाही ना, हे पाहत असत. मेगालो लिवादीला आम्ही ते काम मागून घेतले. किनाऱ्यावरचा एक दिवा आणि स्मारकाजवळचे झाड एका रेषेत दिसले पाहिजे, एवढे त्यांनी शिकवले. दोन-दोन तासांच्या पाळ्या झाल्या. त्या सकाळी सात वाजेपर्यंत झोपल्या.

तिसऱ्या दिवशी उत्तरेला सिकामियाजवळ लाटा मोठ्या झाल्या आणि आमच्यातले दोघे ओकले. कप्तानने त्यांना लिंबाच्या फोडी दिल्या, आणि नजर क्षितिजावर ठेवायला सांगितले.