सर्व्हर दादाच्या डोक्यात!

क्लाउड म्हटलं की वाटतं, काहीतरी हवेतलं, आपोआप चालणारं! प्रत्यक्षात ते दुसऱ्याचे, भाड्याने घेतलेले कॉम्प्युटर. ॲमेझॉनचं मुंबई रीजन जून २०१६मध्ये सुरू झालं. आमचा दादा आता भाईंदर पश्चिमेच्या वन-बीएचकेत बसून, ब्राउझरमध्ये बटणं दाबत सर्व्हर उभे करतो.

गोची इथेच होती. कुठलं बटण कधी दाबलं, कुठला पोर्ट का उघडा ठेवला, सगळं फक्त दादाच्या डोक्यात. आमच्या बिल्डिंगमध्ये कुठला वॉल्व्ह कुठल्या विंगचा, हे एकट्या वॉचमनला माहीत. तो गावाला गेला की बी विंगच्या हातात बादल्या! दादाचंही तेच. संध्याकाळच्या लोकलमध्ये चेंगरत असतानाही फोन, चुलतबहिणीच्या लग्नातही फोन.

शेवटी त्याने मनावर घेतलं. टेराफॉर्म नावाचं टूल २०१४मध्ये आलं. सर्व्हर, नेटवर्क, डेटाबेस, काय हवंय ते फाइलमध्ये लिहायचं. ते उभं करायचं काम टूलचं. (ऑगस्ट २०२३मध्ये कंपनीने लायसन्स बदललं, तेव्हा चिडलेल्या मंडळींनी ओपनटोफू नावाची वेगळी चूल मांडली. दादा हे चवीने सांगतो!)

पहिले दोन शनिवार त्याने एकही सर्व्हर उभा केला नाही. मला वाटलं, टाइमपास चाललाय. तर तो 'स्टेट' फाइलची सोय लावत होता. काय काय उभं आहे, याची टेराफॉर्मची वही म्हणजे ही फाइल. लॅपटॉपवर ठेवली तर लॅपटॉपबरोबर जायची. म्हणून ती क्लाउडमध्येच, जुन्या प्रतींसकट. शिवाय लॉक, म्हणजे एकाचं काम चालू असताना दुसऱ्याला हात लावता येत नाही. तिच्यात पासवर्डही उघडे पडू शकतात, म्हणून ती वाचायची परवानगी मोजक्यांनाच. मग जुने सर्व्हर एकेक करून या वहीत चढवले. कंटाळवाणं काम, पण खरं काम तेच.

पाइपलाइनचा फंडा मात्र मस्त आहे. फाइल बदलली की आधी 'प्लॅन' येतो: काय नवं येणार, काय बदलणार, काय उडणार. सहकारी तो वाचून हो म्हणतो, मगच बदल होतो. एकदा प्लॅनमध्ये चक्क डेटाबेस उडणार असं दिसलं. का? तर कोडमधलं त्याचं नाव तेवढं बदललं होतं! रात्री कुणी गुपचूप हाताने केलेला जुगाडही प्लॅनमध्ये सापडतो.

हे सगळं ऐकून आईने विचारलं, "सगळं लिहून दिलंस, मग तुला ठेवतील कशाला रे?" दादा हसला नाही. ज्याच्यावाचून अडतं त्याला कुणी काढत नाही, हा ऑफिसांमधला जुना विमा. पण दादा त्याचा हप्ता झोपेतून भरत होता, आणि मला विचाराल तर तो महाग होता.

मे महिन्यात आम्ही आठ दिवस कोकणात होतो. दादाला फोन दोनच आले, दोन्ही आत्याचे. अप्रेझल पुढच्या महिन्यात आहे.