संकटी की संकष्टी?

आमच्या जालन्याच्या घरी गणपती बसला की एका अक्षरावरून भांडण ठरलेलं. ‘सुखकर्ता दुखहर्ता’त बाबा ‘संकष्टी’ म्हणत, काका ‘संकटी’. चाळीस वर्षं ज्याचा आवाज मोठा, त्याचा पाठ खरा! आरती समर्थांची, आणि समर्थ आमच्याच जिल्ह्यातले, जांबचे. पण 1608 साली जन्मलेल्या माणसाला विचारणार कसं?

यंदा भाचा आला. हा संगणकावर चित्रं काढून फुकट वाटतो. (पोट कशावर भरतो, गणपतीलाच ठाऊक.) म्हणाला, “मामा, 2002 पासून क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने आहेत. माझं चित्र घ्या, बदला. पण माझं नाव द्या आणि बदल केला तर तसं सांगा. समर्थांनी नाव शेवटच्या कडव्यात ओवलंय, चोख काम! पण तुमच्या बदलाची नोंद कुठाय?”

आई मुकाट्याने उठली आणि बाबांची आरत्यांची वही घेऊन आली. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. वहीत ‘संकटी’ खोडून वर ‘संकष्टी’ केलेलं, आणि समासात बारीक अक्षरात : ‘बदल सौ.च्या सांगण्यावरून.’

काकांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. रात्रीच्या आरतीला ‘संकष्टी’ सगळ्यांत मोठ्याने म्हणाले ते काकाच.