भयाचा खर्ज

रंगभूमीसाठी आणि नभोवाणीच्या श्रुतिकांसाठी ध्वनियोजना करणाऱ्या माणसाकडे ज्या रसाची मागणी वारंवार होते आणि ज्याची सिद्धी फार क्वचित होते, तो भयानक रस होय. करुणासाठी सारंगी आहे, शृंगारासाठी सतार आणि बासरी आहे, वीरासाठी नगारा आणि तुतारी आहे. या वाद्यांची वहिवाट पिढ्यान्‌पिढ्यांची असल्यामुळे पहिला स्वर उमटताच श्रोत्याचे मन ठरलेल्या जागी जाऊन बसते. भयाला मात्र अशी सनद मिळालेले वाद्य नाही. करकरणारे दार, कोल्हेकुई, घुबडाचा घूत्कार ही सामग्री इतकी हाताळून झाली आहे, की तिच्यामुळे प्रेक्षक भीत नाही, भिण्याची वेळ झाल्याची वर्दी तेवढी त्याला पोचते. म्हणून जेथे कोणी नादातून खरेखुरे भय उभे केले आहे असे कळते, तेथे जाऊन ते कोणत्या उपायांनी साधले याचा कसून शोध घेणे हे मी माझ्या व्यवसायाचे कर्तव्य मानत आलो आहे. या शोधात ज्या संगीताने मला सर्वांत अधिक शिकवले, ते अमेरिकेच्या टेनेसी राज्यात, मिसिसिपी नदीच्या काठी वसलेल्या मेम्फिस शहरात निर्माण झाले, आणि त्याचे कर्ते ‘थ्री सिक्स माफिया’ या नावाने पुढे ख्यातीस आलेले कृष्णवर्णीय तरुण होते.

रॅप संगीताची जी शाखा ‘हॉररकोर’ या नावाने ओळखली जाते, तिच्यात मृत्यू, स्मशान, सैतान, उन्माद आणि हत्या हेच वर्ण्य विषय असतात. डेट्रॉइटच्या ईशॅमने १९८९ सालीच या वाटेने पाऊल टाकले होते, ह्यूस्टनचे गेटो बॉइज त्याच सुमारास गाजू लागले होते, आणि १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रेव्हडिगाझ मंडळीने थडग्यांचीच परिभाषा घेऊन एक संपूर्ण ध्वनिमुद्रिका रचली होती. मेम्फिसची मंडळी १९९१ मध्ये एकत्र आली: डीजे पॉल, त्याचा सावत्र भाऊ लॉर्ड इन्फमस आणि ज्यूसी जे हे तिघे आधी, आणि कूप्स्टा निक्का, क्रंची ब्लॅक व गँगस्टा बू हे नंतर. त्यांचा पहिला विधिवत संग्रह, ‘मिस्टिक स्टाइल्झ’, १९९५ साली बाहेर पडला. पण त्यापूर्वी कित्येक वर्षे त्यांचे संगीत घरी उतरवलेल्या कॅसेटांवरून हातोहात फिरत होते, आणि माझ्या मते त्यांची खरी विद्या त्या कॅसेटांतच आहे.

ही विद्या समजण्यासाठी यंत्राची थोडी माहिती घेणे अगत्याचे आहे. कॅसेटची फीत रुंदीला चार मिलिमीटरांहूनही कमी भरते. घरगुती चौपदरी यंत्रात एवढ्याशा फितीचे चार पदर पाडलेले असतात आणि प्रत्येकावर स्वतंत्र मुद्रण करता येते. चार पदर अपुरे पडले, की तीन पदरांवरचा मजकूर एकत्र करून चौथ्यावर उतरवायचा, ते तीन पुसून मोकळे करायचे आणि त्यांवर पुन्हा नवे आवाज चढवायचे, अशी रीत असते. या प्रत्येक उतरवणीत वरच्या पट्टीतील सूक्ष्म अंश झिजतात, फितीची अंगची खरखर मात्र वाढत जाते. आणि पुढे या मूळ प्रतीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशा नकला निघत गेल्या म्हणजे आवाजातील उजेड नाहीसा होतो आणि भिंतीला ओल चढावी तसा खर्ज सगळीकडे पसरतो. शिवाय गुंडाळलेल्या फितीच्या एका वेटोळ्यावरील चुंबकीय ठसा शेजारच्या वेटोळ्यावर पुसटसा उमटत असल्यामुळे एखादा मोठा उच्चार येण्याच्या एकदोन क्षण आधीच त्याची चाहूल लागते. जुन्या नाटकांच्या फिती हाताळताना हा पूर्वध्वनी मी अनेकदा ऐकला आहे. शब्द अजून उच्चारलाच गेलेला नाही आणि त्याची छाया मात्र येऊन ठेपली आहे, याहून भयप्रद रचना कोणा कुशल योजकालाही सहजासहजी सुचणार नाही.

सामान्य ध्वनिमुद्रक या साऱ्याला दोष म्हणतो आणि तो दूर करण्यासाठी झटतो. मेम्फिसच्या या मुलांनी त्या दोषांसकट रचना केली. त्यांच्या कॅसेटा ऐकताना प्रथम जाणवते ती अंतराची भावना: गाणारा आपल्या समोर नसून बंद दाराच्या पलीकडे, खालच्या मजल्यावर किंवा कोठेतरी जमिनीखाली आहे, असा भास होतो. नाट्यशास्त्रकार भरताने भयानक रसाचे विभाव सांगताना विकृत नाद, भुतांचे दर्शन, कोल्हे व घुबडे, शून्य घरे आणि अरण्ये यांचा उल्लेख केला आहे. आमच्या नाट्यव्यवसायाने त्या यादीतील कोल्हे व घुबडे तेवढी उचलली आणि जो विभाव यादीच्या आरंभीच आहे, त्या विकृत नादाकडे पुरेसे लक्ष दिले नाही. झिजलेल्या फितीवरील मानवी स्वर हा त्या विभावाचा मी ऐकलेला सर्वांत शुद्ध नमुना आहे.

दुसरे साधन म्हणजे तालयंत्र. जपानच्या रोलँड कंपनीने १९८० ते १९८३ या अवधीत ‘टीआर ८०८’ नावाचे यंत्र तयार केले. त्याचे ध्वनी पुढे इतर अनेक यंत्रांत उतरले आणि अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतील रॅप संगीताचा ते जणू पाया ठरले. त्यातील खोल, लांबवर घुमत जाणारा खर्जाचा ठोका सर्वांना ठाऊक आहे. पण मेम्फिसच्या मंडळींनी ज्याला स्वराचा दर्जा दिला, तो गुरांच्या गळ्यातील घंटेचा आवाज होय. या घंटेत सुमारे ५४० आणि ८०० कंपनांचे दोन स्वर एकाच वेळी वाजतात. तानपुऱ्याशेजारी आयुष्य घालवलेल्या कानाला येथे लगेच काहीतरी खटकते. कारण ५४० हा षड्ज धरला तर त्याचा शुद्ध पंचम ८१० वर यावयास हवा, आणि येथे तो किंचित उतरलेला आहे. सप्तकातील सर्वांत स्थिर, सर्वांत विश्वासार्ह असे जे नाते, तेच या घंटेत जरासे ढळलेले असते. हीच घंटा निरनिराळ्या उंचीवर वाजवून तिच्यावर एखादी तीनचार स्वरांची आवर्ती चाल बांधायची, खाली भयपटांच्या पार्श्वसंगीतातून घेतलेला एखादा तुकडा किंवा जुन्या सोल गीतातील दोन मात्रांचा अंश अखंड फिरत ठेवायचा आणि त्यात फारसा बदल करायचाच नाही, ही त्यांची पद्धत. पुनरावृत्तीला कंटाळणारा श्रोता पहिल्या मिनिटात कंटाळतो. जो टिकतो, त्याला तिसऱ्या मिनिटाला वाटू लागते की या आवर्तनातून आपली सुटका नाही.

या आवर्तनावर येतो लॉर्ड इन्फमसचा स्वर. चौपट लयीच्या ठेक्यावर तीन-तीन अक्षरांचे गुच्छ टाकीत जाण्याची त्याची लकब, म्हणजे आपल्या भाषेत चतुरस्रावर तिस्राचा आग्रह, पुढे अमेरिकेच्या लोकप्रिय रॅपमध्ये सर्वत्र पसरली. ज्यांनी ती पसरवली त्यांपैकी पुष्कळांना तिचे मूळ घर ठाऊकही नसेल, आणि तिच्या उगमाविषयीची तकरार अजून पुरती मिटलेली नाही. मला महत्त्व वाटते ते त्या स्वराच्या संयमाचे. तो ओरडत नाही. घोगऱ्या, खालच्या पट्टीत, मंत्र पुटपुटावा तसा तो बोलत जातो आणि श्वास कोठे घेतो हे कळू देत नाही. न्यायासनापुढे उभा राहून जबानी देणारा मनुष्य जेव्हा भयंकर गोष्ट शांतपणे सांगतो, तेव्हा ऐकणाऱ्याच्या अंगावर जो काटा येतो, तो आक्रोशाने येत नाही. श्रुतिकेत काम करणाऱ्या नटांना मी हेच सांगत असतो, की भयाच्या वाक्यावर आवाज चढवू नका. तो एक श्रुती खाली घ्या आणि वाक्याचा शेवट ध्वनिग्राहकाच्या जवळ येऊन सोडा.

येथवर मी स्तुती केली ती अंतःकरणपूर्वक केली. तरी या मंडळीच्या, आणि एकूण हॉररकोरच्याच, साऱ्या रचनांना माझी मान्यता आहे असे नाही. भयानक आणि बीभत्स हे दोन रस शेजारी असले तरी त्यांचे स्थायीभाव वेगळे आहेत: एकाचा भय, दुसऱ्याचा जुगुप्सा. या संगीताचा फार मोठा भाग पहिल्याच्या नावाखाली दुसऱ्याचाच व्यापार करतो. छिन्नविच्छिन्न देहाचा पंचनामा कितीही तपशिलाने वाचला, तरी ऐकणारा तोंड फिरवतो. तो घाबरत नाही. त्याहून गंभीर गोष्ट ही, की या कडव्यांत स्त्रियांविषयी जी हिंसा येते ती कित्येकदा कथेची गरज म्हणून आलेली नसते. ती सवयीने येते, आणि सवयीने आलेल्या क्रौर्याला कलेच्या नावाने मुभा देण्याची माझी तयारी नाही. गँगस्टा बूने त्या पुरुषी मैफलीत, वयाचे सोळावे वर्ष पुरे होण्यापूर्वीच, आपला ठणठणीत, निर्भय स्वर उभा केला आणि कोणाच्याही दयेची याचना न करता तो टिकवला, हे ‘मिस्टिक स्टाइल्झ’चे मला सर्वांत मोठे भूषण वाटते.

भयानकाचा निर्भेळ नमुना पाहावयाचा तर तो गेटो बॉइज यांच्या १९९१ मधील ‘माइंड प्लेइंग ट्रिक्स ऑन मी’ या गीतात पाहावा. तेथे भूत नाही, सैतान नाही. आपलाच मेंदू आपल्यावर उलटला आहे अशा पछाडलेल्या मनाची ती कैफियत आहे, आणि तिच्या पाठीशी आयझॅक हेझ याच्या १९७४ सालच्या रचनेतील गिटारीचे हळवे, सुंदर सूर फिरत राहतात. सौंदर्य आणि भीती एकाच जागी ठेवण्याचे धैर्य या गीताने दाखवले. मतकरींच्या गूढकथा ज्यांनी मन लावून वाचल्या आहेत, त्यांना हे नवे वाटणार नाही. नित्याच्या घरातल्या नित्याच्या माणसाकडूनच भयाचा सर्वांत खोल घाव बसतो. हा आयझॅक हेझ मेम्फिसचाच, तेथील स्टॅक्स या ध्वनिमुद्रण कंपनीचा कलावंत होता, हा योगायोग मला अर्थपूर्ण वाटतो.

त्या शहराचा दफ्तरी इतिहास चाळला, तर तेथल्या संगीतात मृत्यूचा वास का दरवळतो याचा अर्धा खुलासा मिळतो. १८७८ साली पिवळ्या तापाच्या साथीत तेथे सुमारे पाच हजार माणसे दगावली, त्याहून कितीतरी अधिक पळून गेली आणि कर्जात बुडालेल्या शहराने पुढील वर्षी आपली सनदच गमावली. १९६८ च्या फेब्रुवारीत कचरागाडीच्या यंत्रात चिरडून दोन कृष्णवर्णीय सफाई कामगार मरण पावले, त्यातून संप उभा राहिला, त्या संपाच्या पाठिंब्यासाठी मार्टिन ल्यूथर किंग तेथे आले आणि ४ एप्रिल रोजी लॉरेन मोटेलच्या सज्जात त्यांची हत्या झाली. शहराचे भूषण असलेली स्टॅक्स कंपनीही १९७५ च्या अखेरीस दिवाळखोरीत निघाली. ही मुले वाढली ती या पडझडीनंतर. त्यांनी आपल्या शहराची शोकान्तिका लिहिण्याचा संकल्प केला होता असे मी म्हणणार नाही. पण ज्या सोल गीतांचे तुकडे ते फितीवर फिरवीत होते, ती त्यांच्या आईबापांच्या घरातली गीते होती, आणि खरखरीतून येणारे ते जुने सूर ऐकताना हरवलेल्या ऐश्वर्याची जाणीव मला प्रत्येक वेळी होते. ‘मिस्टिक स्टाइल्झ’मध्येच ‘दा समा’ नावाचे एक संथ गीत आहे. त्यात उन्हाळ्याच्या दिवसांची, मित्रांची, मोटारींची आणि सैलावलेल्या संध्याकाळींची सय आहे. आणि ते भोवतीच्या अंधाऱ्या गीतांच्या मध्ये बसवलेले असल्यामुळे अंधार अधिकच खरा वाटू लागतो. ज्याला गमावण्यासारखे काही आहे त्यालाच भय वाटते, हे रचनेच्या पातळीवर येथे समजलेले आहे.

पुढे ५ मार्च २००६ रोजी याच मंडळीला ‘हसल अँड फ्लो’ या चित्रपटातील गीतासाठी ऑस्कर पारितोषिक मिळाले. त्या गीताचा भयाशी संबंध नाही, म्हणून येथे अधिक लिहीत नाही. लॉर्ड इन्फमस २०१३ मध्ये गेला, कूप्स्टा निक्का २०१५ मध्ये आणि गँगस्टा बू २०२३ च्या पहिल्याच दिवशी.

अलीकडे ‘फोंक’ नावाने जे संगीत जगभर पसरले आहे, त्यात मेम्फिसची घंटा आहे, मेम्फिसचा खर्ज आहे आणि संगणकाने मागाहून फासलेली खरखरही आहे. त्याची चाल वेगवान आणि चकचकीत असते, व्यायामशाळेत किंवा मोटारीत ते उत्साह देत असेल. परंतु भयाची सामग्री तेवढी घेऊन भय मात्र मागे ठेवलेले आहे. मूळ फितीवरील खरखर एकेका उतरवणीने, आवाजाला झिजवीत वाढली होती, म्हणून ती स्वराशी एकजीव झाली. वरून ओतलेली खरखर स्वराला स्पर्शच करीत नाही. फरक ऐकावयाचा असेल तर सकाराकडे लक्ष द्यावे: झिजलेल्या फितीवर ‘स’ हे अक्षर बोथट होऊन खरखरीत विरते, नकलेत ते खरखरीच्या वर स्वच्छ तरंगते.

या मंडळीच्या जुन्या कॅसेटांतील काही भाग १९९९ आणि २००० साली ‘अंडरग्राउंड’ या शीर्षकाखाली तीन खंडांत प्रसिद्ध झाला. आता ध्वनी स्वच्छ करणारी साधने कोणाच्याही हाताशी आहेत, आणि गायकाचा स्वर खरखरीपासून सोडवून नव्याने उजळण्याचा मोह पुष्कळांना होईल. ज्यांच्या ताब्यात त्या काळच्या मूळ कॅसेटा अजून असतील, त्यांना माझी आग्रहाची विनंती आहे, की त्यांनी त्या फिती आहेत तशाच उतरवून ठेवाव्यात. वेग हलत असेल तर हलू द्यावा, पूर्वध्वनी पुसू नये, आणि गीत संपल्यावर उरलेली कोरी फीत कापून टाकू नये, कारण पुढचे गीत सुरू होण्यापूर्वीच्या त्या रिकाम्या सेकंदांचीही या मुलांनी योजना केलेली आहे.