कढईंतलें तेल

दिवाळीचा फराळ संपतो, पाहुणे आपापल्या गांवीं जातात, आणि स्वयंपाकघरांत कढईंतलें काळवंडलेलें तेल तेवढें मागें उरतें. इतकीं वर्षें आमच्या घरचें हें तेल मोरींतून गटारांत आणि गटारांतून इंद्रायणींत जात आलें. आम्ही देहूचे राहणारे! जिचें पाणी डोळ्यांना लावल्यावांचून घाट उतरल्याचें समाधान होत नाहीं, तिच्यांतच कढई रिकामी करतांना आमचा हात कधीं कचरला नाहीं.

यंदा मात्र चाकणच्या एका कारखान्यांत इंजिनांवर काम करणारा माझा भाचा नेमका तेथें उभा होता. "मामा, ओतूं नका! यावर मोटार चालते," तो म्हणाला. मला वाटलें, पोरगा थट्टा करतो आहे. पण त्यानें मला बसवून सगळें समजावून दिलें. तेल गाळावें, त्यांतलें पाणी व आम्लता घालवावी, मग शंभर किलो तेलास दहा-अकरा किलो मेथॅनॉल व थोडा अल्कली घालून तें ऊन ठेवावें. ग्लिसरीन तळाशीं बसतें आणि वर बायोडिझेल राहतें. मूळ कल्पनाही नवी नव्हे. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनांत डिझेलचें एक इंजिन भुइमुगाच्या तेलावर चालवून दाखविलें होतें.

मग तो गुण मोजूं लागला. गंधक जवळजवळ नाहीं. अंगचाच प्राणवायु शेंकडा दहा-अकरा, त्यामुळें ज्वलन अधिक पुरें व काजळी कमी. इंजिनाला वंगण मिळतें; सहजासहजीं पेट घेत नाहीं; सांडलें तर मातींत लौकर विरून जातें.

'काजळी' हा शब्द ऐकला आणि माझें लक्ष उडालें. माझ्या वडिलांना दमा होता. अनेक वर्षें पायीं पंढरीस गेलेल्या त्या माणसाला अखेरीस घाटापर्यंतही जाववेना. आळंदी रस्त्यानें जाणाऱ्या मालमोटारींचा धूर आंत येऊं नये म्हणून शेवटचीं तीन वर्षें त्यांच्या खोलीची खिडकी आम्हीं उघडली नाहीं. दोष एकट्या धुराचा होता असें मी म्हणणार नाहीं. पण ती बंद खिडकी मला अजून दिसते.

भाचा प्रामाणिक आहे. उणिवाही त्यानें लपविल्या नाहींत. लिटरमागें शक्ति थोडी कमी, थंडींत गोठण्याची खोड, जुन्या रबरी नळ्यांना अपाय. शिवाय तेल आणावयाचें कोठून? खाण्याच्या तेलापैकीं निम्म्याहून अधिक आपण परदेशांतून आणतों. तें जाळणें हा शहाणपणा नव्हे. मोगली एरंडाचा २००३ सालीं मोठा गाजावाजा झाला, परंतु माळरानांनीं अपेक्षित पीक दिलें नाहीं. २०१८ च्या राष्ट्रीय धोरणानें २०३० पर्यंत डिझेलमध्यें शेंकडा पांच भाग बायोडिझेल मिसळण्याचें उद्दिष्ट ठेवलें आहे. तेव्हां दृष्टि वळते ती तळून उरलेल्या तेलाकडे.

आतां मोरीजवळ एक डबा ठेवला आहे. भरला कीं भाचा तो गोळा करणाऱ्याकडे पोंचवितो. "एवढ्याशा तेलानें कितीशी गाडी चालणार?" असें सौभाग्यवती विचारते. तिचें म्हणणें खरें आहे. गाडी फार दूर जाणार नाहीं. परंतु तेवढें तेल इंद्रायणींत उतरणार नाहीं, आणि सकाळीं घाटावर ओंजळ भरतांना मला मान खालीं घालावी लागणार नाहीं.