दोन मिलिमीटर

सरळ, गुळगुळीत रस्त्यावर हा दांडा जवळजवळ काहीच करत नाही. स्प्रिंगच्या पोलादाचा, इंग्रजी यू अक्षरासारखा वाकवलेला. मधला भाग रबरी बुशांत धरलेला, टोकं लिंक रॉडने दोन्ही बाजूंच्या सस्पेंशनला जोडलेली. गॅरेजात त्याला स्टॅबिलायझर म्हणतात. गतिरोधकावर दोन्ही चाकं एकदम उचलली गेली की तो आपल्या बुशांत निमूट फिरतो. पण ताम्हिणी घाटात वळण लागतं, गाडी बाहेरच्या अंगाला कलते, एक चाक दबतं, दुसरं मोकळं होतं आणि दांड्याला पीळ बसतो. तो पीळ उलगडू पाहतो, त्यातच गाडी सावरते.

माझ्या जुन्या हॅचबॅकचा पुढचा २० मिलिमीटरचा दांडा काढून २२चा बसवला. दोन्ही शेजारी ठेवले तर फरक डोळ्यांत भरत नाही. पण पिळाला होणारा विरोध जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. बाकी सगळं तेच ठेवून दहा टक्के जाडी वाढवली तरी ताठपणा जवळजवळ दीडपट होतो. याच गणिताची दुसरी बाजू मला जास्त आवडते. दांड्याच्या गाभ्यातून निम्म्या व्यासाचं भोक आरपार पाडा: वजन पाव हिश्शाने घटतं, ताठपणा मात्र सोळाव्याच हिश्शाने. पिळाचं ओझं सगळं सालीवर, गाभा नुसता बसून.

मिस्त्रींनी गाडीची दोन्ही पुढची चाकं एकदम उचलली. एकाच बाजूला जॅक लावला तर दांडा तिथेच पिळतो आणि लिंकचा बोल्ट निघता निघत नाही. "एका बाजूने उचललं की रुसतो हा," ते म्हणाले.

वळणात शिरताना गाडीला पूर्वी जो आळस यायचा, तो गेला. मात्र आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्यांवर जायचा तेवढा जातोच. तो किती, हे गाडीची उंची, रुंदी आणि वेग ठरवतात. दांडा फक्त पुढच्या-मागच्या चाकांतली वाटणी बदलतो. पुढचा जाड केला की पुढच्या बाहेरच्या टायरवर बोजा वाढतो आणि पकड सुटली तर नाक वळणाबाहेर सरकतं. उलट, कलताना टायर बाहेरच्या कडेवर उभा राहायचा, तो आता जास्त सपाट टेकतो. कुणाची सरशी होईल ते गाडीगणिक वेगळं.

मला मात्र त्या कलण्याची उणीव भासली. जुनी गाडी अंग टाकून सांगायची, आता पुरे. पावसाळ्यात ताम्हिणीत डोंगराचं पाणी रस्त्यावरून वाहतं. तिथे टायरची पकड घटायची तेवढी घटतेच, गाडी मात्र ताठ मानेने चालत राहते. त्या पावसात मी पूर्वीपेक्षा हळूच चालवली. ताठ दांडा घालून हळू चालवणं हा विनोद आहे, कबूल.

आईला घाटात गाडी लागते. वळणांनी या वेळी तिला त्रास दिला नाही. पण पुढे कडेचे खड्डे सुरू झाले. डावं चाक खड्ड्यात गेलं की दांडा उजव्यालाही ओढतो, आणि मागे बसलेल्याचं डोकं या खांद्यावरून त्या खांद्यावर.

"डोलायची थांबली, पण हिसके मारते," आई आवळासुपारी चघळत म्हणाली. "पैसे किती घेतले याचे?"